‘वाढ’ आणि ‘पुरे’

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरांतून सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाणारे क्रियापद ‘वाढणे’ हेच असावे, असे मला नेहमी वाटते. ‘त्यांना चिवडा वाढलास का?’, ‘आणखी एक करंजी वाढ’, ‘वाढू का थोडे?’ स्वयंपाकघर आणि माजघर यांमधली सारी ये-जा या एका शब्दावर चाललेली असते. त्याच वेळी ओसरीवर एखादे वडीलधारे माणूस भाच्याला जवळ ओढून, ‘केवढा वाढलास रे वर्षात!’ असे कौतुकाने म्हणत असते. पानात अन्न घालणे आणि मुलाने उंच होणे या दोन गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द का दिला असेल? कदाचित तिने एक साधे सत्य ओळखले असेल. ज्याला कोणीतरी वाढते, तेच वाढते.

पण या शब्दाला आणखी एक, काहीसा विचित्र अर्थ आहे. देवापुढे आपण नारळ फोडत नाही, ‘वाढवतो’. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. फुटणे, तुटणे, संपणे हे शब्द तोंडी येऊ नयेत म्हणून जुन्या माणसांनी वाढण्याचा आडोसा घेतला. लहानपणी मला या चलाखीचे हसू येई. आता येत नाही. काही वाढी अशा असतात की त्यांच्या पोटातच मोडणे असते, हे वयाबरोबर कळू लागते.

या थोर क्रियापदाला आवर घालणारा शब्द मात्र अगदीच लहान आहे: ‘पुरे’. पानावर आडवा हात धरून तो म्हणायचा असतो. यजमानाने तो पहिल्या खेपेला ऐकायचा नसतो, दुसऱ्या खेपेलाही नसतो. तिसऱ्या खेपेला ऐकला तर चालतो. आपण वाढीचे पोवाडे पुष्कळ गातो. थांबण्याला आपल्याकडे जी नावे आहेत ती सगळी दुःखाची आहेत: खुंटणे, अडणे, थिजणे. म्हणून एक प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. ‘पुरे’ म्हणणे ही एक कृती आहे, की केवळ कृतीचा अभाव? तो सद्गुण आहे, की ज्याची झेप संपली त्याने स्वतःची घातलेली समजूत आहे? या प्रश्नाकडे पाहण्याची एक नवी दृष्टी मला मिळाली ती कोणत्याही धर्मग्रंथातून नव्हे, तर शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या शास्त्रातून. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील बेथेस्डा येथे, नौदलाच्या वैद्यकीय संशोधनशाळेत जुडा फोकमन नावाचे एक तरुण शल्यवैद्य काम करीत होते. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या जहाजांवर रक्त साठवून ठेवणे कठीण. तेव्हा रक्ताला पर्याय शोधावा, हे त्यांचे काम. त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनी प्राण्याच्या शरीरातून काढलेली थायरॉईड ग्रंथी काचेच्या भांड्यात ठेवली आणि तिच्या वाहिन्यांतून आपला द्रव खेळवून ती जिवंत राखली. मग तिच्यावर उंदराच्या कर्करोगाच्या पेशी पेरल्या. पेशी रुजल्या, वाढू लागल्या आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी झाल्यावर सगळ्या थांबल्या. त्या मेल्या नव्हत्या. कारण त्याच गाठी पुन्हा जिवंत उंदराच्या अंगात घातल्या, तेव्हा त्या भराभर फोफावल्या.

काचेत काय नव्हते आणि उंदरात काय होते? फोकमन या एका प्रश्नाला चिकटून राहिले. त्यांचे उत्तर असे की, काचेतल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या. प्रत्येक पेशीला जवळ कोठे तरी केशवाहिनी लागते. प्राणवायू तिच्यापासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे नीट पोचत नाही. त्यामुळे गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली की तिच्या पोटातल्या पेशी उपाशी पडतात. पुढे जायचे तर तिने शेजारच्या रक्तवाहिन्यांना हाक घालून नवे फाटे आपल्याकडे ओढून घेतले पाहिजेत. म्हणजे दुष्टातली दुष्ट गाठसुद्धा आपल्या बळावर वाढत नाही; तिला आपल्याच शरीराने वाढावे लागते! आपल्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ येथे एकमेकांत मिसळून गेले. हा विचार फोकमन यांनी १९७१ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि पुढची कित्येक वर्षे थट्टा नि उपेक्षा सहन केली. गाठीभोवती वाहिन्या दिसतात त्या केवळ दाहामुळे, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. पुढे ती हाक घालणारी प्रथिनेच हाती लागली, तेव्हा थट्टा थांबली.

पण मला त्या हाकेहून तिच्या विरोधातला आवाज अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी बहुतेक काळ स्वस्थ असतात. जखम भरून येताना, स्त्रीच्या मासिक चक्रात, गर्भारपणात त्या जाग्या होतात, नवी वाट बांधतात आणि काम संपले की पुन्हा निजतात. त्यांना निजवते कोण? जखम भरल्यावर ‘आता पुरे’ असे कोण म्हणते? कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, एवढ्या धाग्यावरून फोकमन यांच्या प्रयोगशाळेने शोध सुरू केला आणि १९७५ साली असे दाखवले की, सशाच्या डोळ्यात पेरलेल्या गाठीजवळ कूर्चेचा तुकडा ठेवला तर गाठीकडे धावणाऱ्या वाहिन्या मंदावतात. वाहिन्या नसणे हा कूर्चेचा दुबळेपणा नव्हता. तेथे कोणी तरी त्यांना अडवीत होते.

मग शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नोएल बूक या विदुषीने त्या आवाजाचा एक धनी शोधून काढला. निरोगी पेशींमध्ये कर्करोगाला लगाम घालणारी काही जनुके असतात. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत असे एक जनुक शाबूत असले की, त्या पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात आणि ते वाहिन्यांची वाढ रोखते. जनुक गेले की तो आवाजही बंद पडतो, असे तिला आढळले. १९९० साली या प्रथिनाची ओळख पटली. ते थ्रॉम्बोस्पाँडिन निघाले. ते काही नवखे नव्हते. रक्त गोठताना प्लेटलेट ते बाहेर टाकतात, हे १९७१ पासून ठाऊक होते. घरात वर्षानुवर्षे वावरणारे, फारसे न बोलणारे माणूस एखाद्या बिकट प्रसंगी सारे घर सावरून धरते आणि मग आपल्याला त्याची खरी ओळख होते, तसेच हे झाले.

हे प्रथिन आपले काम करते कसे? ते पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर काही प्रथिने कड्या-कुलपांसारखी बसवलेली असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ‘सीडी ३६’ नावाचा असा एक ग्राही असतो. थ्रॉम्बोस्पाँडिन येऊन ही कडी वाजवते, हे १९९७ साली सिद्ध झाले आणि कडी वाजल्यावर आत काय घडते, हे २००० साली उलगडले. आतला एक निरोप्या दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला. आणि शेवटी ती पेशी स्वतःच आपला कारभार आवरून शांतपणे संपते. जुन्या कथांतल्या प्रायोपवेशनाची आठवण व्हावी, असा हा शेवट. ही कडी काही एकट्या थ्रॉम्बोस्पाँडिनसाठी राखून ठेवलेली नाही. शरीरात इतरत्र हाच ग्राही स्निग्ध पदार्थ आत घेतो, मेलेल्या पेशींची विल्हेवाट लावायला मदत करतो. आणि हिवतापाच्या एका घातक जातीने ग्रासलेल्या तांबड्या पेशीही याच कडीला लोंबकळतात. दार एकच, येणारे अनेक.

या साऱ्यात नीतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध मला दिसतो तो असा. चांगुलपणा म्हणजे वाइटाचा अभाव, अशी आपली एक भाबडी कल्पना असते. निरोगी शरीरात रोगाचा लवलेश नाही, सज्जनाच्या मनात मत्सराचा अंकुर नाही, असे आपण धरून चालतो. फोकमन आणि राघू कल्लुरी यांनी २००४ साली एका लेखात शवविच्छेदनांतून मिळालेली जी माहिती मांडली ती या समजुतीला धक्का देणारी आहे. चाळिशी ते पन्नाशीच्या दरम्यान अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिकजणींच्या स्तनांत कर्करोगाच्या सूक्ष्म गाठी आढळल्या. प्रत्यक्षात त्या वयात हा रोग शंभरात सुमारे एकीलाच झाल्याचे निदान होते. म्हणजे पुष्कळांच्या अंगात ही ठिणगी असते. पण तिला इंधन मिळत नाही. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. उलट, धीर येण्यासारखीच ही गोष्ट आहे. आपण निरोगी आहोत ते निष्कलंक आहोत म्हणून नव्हे, तर आपल्या आत अहोरात्र कोणी तरी न कंटाळता ‘पुरे’ म्हणत आहे म्हणून. षड्रिपूंचेही असेच असावे. ते मनातून हद्दपार झाले आहेत असा दावा करणाऱ्याजवळ मी फार वेळ बसत नाही. ते आहेत, पण मी त्यांना वाढीत नाही, असे म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास अधिक बसतो.

तेव्हा ‘पुरे’ म्हणणे ही कृती आहे, तीही अखंड चालणारी कृती, एवढे तर ठरले. पण ती सद्गुण आहे काय? येथे घाई करून चालत नाही. शरीराने आपल्याला एक सुंदर दृष्टांत दिला म्हणून आनंदाने टाळ्या पिटाव्यात, तोच ते दुसराही एक दृष्टांत पुढे करते आणि तो मुळीच सुंदर नाही.

एक मोठी गाठ कापून काढली की, कधी कधी अंगात इतरत्र दडलेल्या बारीक गाठी एकाएकी डोके वर काढतात, हे शल्यवैद्यांना फार दिवसांपासून ठाऊक होते. असे का व्हावे? फोकमन यांच्या प्रयोगशाळेत मायकेल ओरायली यांनी कर्करोगी उंदरांचे मूत्र साठवून, गाळून, शोधून त्यातून एक प्रथिन वेगळे केले. १९९४ साली ते जगापुढे आले, नाव अँजिओस्टॅटिन. रक्ताच्या गुठळ्या विरघळवण्याच्या कामी येणारे जे प्लाझ्मिनोजेन, त्याचाच हा एक तुटलेला तुकडा. त्यावरून उलगडा झाला तो असा: मोठी गाठ ‘वाढा’ आणि ‘पुरे’ असे दोन्ही निरोप सोडीत असते. ‘वाढा’ हा निरोप अल्पजीवी. तो तिच्या आसपासच ऐकू जातो आणि तेथे तोच वरचढ ठरतो. ‘पुरे’ हा निरोप मात्र दीर्घायुषी. तो रक्ताबरोबर दूर जातो आणि लांबच्या बारीक गाठींना दाबून ठेवतो. स्वतःच्या पानात वाढून घ्यायचे आणि लांब बसलेल्यांना संयमाचा उपदेश करायचा!

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातल्या जुन्या पंगती आठवल्या. आधी पुरुष बसत, मग मुले, मग पाहुण्या बायका. आणि ज्यांनी पहाटेपासून चुलीपुढे बसून सारे रांधले त्या शेवटी. पुरुषांच्या पंगतीत ‘पुरे, पुरे’ असा गजर चाले आणि तरी पुरणपोळीवर पुरणपोळी पडत असे. शेवटच्या पंगतीत मात्र ‘पुरे’ हा शब्द माणसे उच्चारीत नसत. तो रिकामी पातेली उच्चारीत. माझी आजी पातेल्याच्या तळाकडे एकदा पाही आणि म्हणे, ‘मला आज फारशी भूकच नाही.’ तिच्या या वाक्याला आम्ही सगळे वर्षानुवर्षे संयम म्हणत आलो. तिच्या अल्पाहाराचे दाखले आम्हा मुलांना दिले जात. एका वर्षी एक जास्तीची पोळी उरली आणि ती तिने किती आवडीने खाल्ली हे मी पाहिले. तेव्हा मला प्रथमच शंका आली की, आपण ज्याचे कौतुक करतो तो तिचा गुण नसून आपला अपराध आहे.

म्हणून संयमाच्या प्रत्येक स्तोत्रापुढे मला एक प्रश्न उभा करावासा वाटतो: हे कोण म्हणत आहे, आणि कोणाला? पोट भरलेल्याने उपाशी माणसाला, मोटारवाल्याने पायी चालणाऱ्याला, शिकलेल्या घराने शिकू पाहणाऱ्या मोलकरणीच्या मुलीला ‘किती वाढायचे याला मर्यादा असते’ असे सांगणे हे त्या मोठ्या गाठीचे बोलणे आहे. शब्द तोच, प्रथिनही शरीराचेच. पण तो संयम नव्हे.

आणि योग्य माणसाने उच्चारलेला ‘पुरे’सुद्धा अवेळी आणि अपरिमित आला तर घात करतो. वाहिन्यांना वाढीची हाक ऐकू येते तीही एका ग्राहीमधून. या ग्राहीचे एक सुटे रूप असते. ते पेशीला चिकटलेले नसते, रक्तात नि ऊतींत मोकळे वावरते आणि वाढीची हाक पेशीपर्यंत पोचण्याआधी वाटेतच झेलून गिळून टाकते. २००३ साली बोस्टनमध्ये अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, गर्भवतीच्या वारेतून हे सुटे रूप अतोनात बाहेर पडू लागले की, तिचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतणारा प्रीएक्लॅम्प्सिया हा विकार होतो. ज्या काळात शरीराने हात सैल सोडून वाढायला हवे, त्या काळात कोणी तरी सतत पानावर आडवा हात धरून बसले, तर दुसरे काय होणार?

तीन वर्षांनी, २००६ साली, याच सुट्या ग्राहीची दुसरी बाजू उजेडात आली. आपल्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्या तेथे शिरत नाहीत, कारण हेच प्रथिन तेथे पहाऱ्यावर असते. मॅनटी नावाचा एक सागरी सस्तन प्राणी आहे. त्याच्या कॉर्नियात हे प्रथिन नसते आणि तेथे वाहिन्या पसरलेल्या असतात. त्याचा दूरचा नातलग हत्ती; त्याच्या कॉर्नियात हे प्रथिन असते आणि तो स्वच्छ असतो. एकच प्रथिन: वारेतून अमर्याद सुटले तर आईचे वैरी, डोळ्यात आपल्या जागी असले तर दृष्टीचे रक्षक.

आता कोणी म्हणेल, मग निसर्गापासून शिकायचे तरी काय? शरीरात सज्जनाचा ‘पुरे’ आहे, दांभिकाचाही आहे आणि अतिरेक्याचाही आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. पेशींना नीती नसते. प्रथिनांना पाप-पुण्य लागत नाही. निसर्गात असे घडते, म्हणून माणसाने असे वागावे, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी जगात पुष्कळ अनर्थ केले आहेत. निसर्गातून नियम मागू नयेत. दृष्टांत मात्र मागावेत. आपल्याला जे अंधुकपणे जाणवते ते तो लख्ख दाखवून देतो.

असा एक दृष्टांत मला बूक यांच्याच प्रयोगशाळेने दिला. थ्रॉम्बोस्पाँडिनच्या आवाजाने नव्या वाहिन्या विरून जातात, पण शेजारच्या जुन्या, स्वस्थ बसलेल्या वाहिन्यांना ढका लागत नाही. असे का, हे कोडे होते. २००२ साली ओल्गा व्होल्पर्ट, बूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडवले. वाढीची हाक ऐकून पेशी वाढू लागली की, त्या हाकेमुळेच तिच्या पृष्ठभागावर ‘फास’ नावाच्या आणखी एका ग्राहीची संख्या वाढते. थ्रॉम्बोस्पाँडिन त्या ग्राहीला बसणारी किल्ली तयार करवते. ज्या पेशीला वाढीची हाक लागलेली नाही तिच्यावर हे कुलूप फारसे नसते. म्हणून किल्ली फिरली तरी तिचे काही बिघडत नाही. म्हणजे ‘पुरे’ ऐकण्याचा कान वाढीबरोबरच फुटतो! जो वाढतो आहे त्यालाच तो शब्द लागू होतो. जो आधीच निमूट बसला आहे त्याला नाही.

मी शोधीत होतो तो भेद मला येथे मूर्त झालेला दिसला. संयमाचा उपदेश ज्याची वाढ चालू आहे त्याच्यासाठी असतो, आणि तो पोचायचा तर आतून ऐकणारा कान लागतो. आजीला ‘पुरे’ सांगण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. तो शब्द पहिल्या पंगतीत, चौथ्या पोळीच्या वेळी, आम्ही स्वतःला सांगायला हवा होता. म्हणजे शेवटच्या पंगतीत पातेल्याला बोलावे लागले नसते.

या शास्त्राच्या इतिहासातही एकदा ‘पुरे’ म्हणायचे राहून गेले होते. १९९७ साली फोकमन यांच्या प्रयोगशाळेने एंडोस्टॅटिन हे दुसरे प्रथिन जाहीर केले. कोलॅजेन नावाच्या, शरीराला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा हा एक तुकडा; भिंतीतलीच वीट. पेशी आपल्या आधाराला ज्या हाताने धरून असते, तो इंटेग्रिन नावाचा ग्राही, त्यालाच एंडोस्टॅटिन पकडते. उंदरांतल्या गाठी त्याने विरघळल्या. १९९८ च्या मे महिन्यात ही बातमी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर आली आणि एका रात्रीत आशेचा भडका उडाला. औषध बनवणाऱ्या कंपनीचे समभाग एका दिवसात कित्येक पटींनी चढले. देशभरातून रुग्णांचे आणि त्यांच्या नातलगांचे फोन खणखणू लागले. हे अजून उंदरांचे औषध आहे, असे फोकमन पुन्हा पुन्हा सांगत होते. ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. माणसांवरच्या चाचण्या १९९९ साली सुरू झाल्या. औषध फारसे त्रासदायक नव्हते, पण उंदरांत दिसलेला चमत्कार माणसांत दिसला नाही. चीनमध्ये त्याचे एक सुधारलेले रूप २००५ साली फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. थ्रॉम्बोस्पाँडिनची छोटी नक्कल करून पाहिली, तीही एकट्याने पुरी पडली नाही. वाढीची हाकच अडवणारे एक औषध मात्र अमेरिकेत २००४ साली मान्यता पावले. मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांचे सरासरी आयुष्य त्याने, नेहमीच्या औषधांच्या जोडीला, सुमारे १५ महिन्यांवरून २० महिन्यांवर नेले.

पाच महिने! थोडे की पुष्कळ? हा हिशेब मांडताना मी पुन्हा त्या पंगतीपाशी येऊन थांबतो. एखाद्याला ते पाच महिने म्हणजे नातवाचे बारसे असतील, एखाद्याला केवळ पाच महिन्यांची यातना. ‘पुरे’ म्हणायचे की ‘वाढा’ म्हणायचे, हे ज्याचे पान त्याने ठरवायचे. आपण शेजारी बसून त्याचा आवाज ऐकायचा. पहिल्याच खेपेला ऐकायचा.

फोकमन २००८ च्या जानेवारीत वारले. एका व्याख्यानासाठी जाताना, वाटेत, विमानतळावर. त्यांनी आयुष्यभर केलेल्या कामाचे सार मला विचाराल तर ते कर्करोगापुरते नाही. अंगात अनेक वैरी असले तरी त्या सर्वांचा नायनाट करणे हाच जगण्याचा एक मार्ग नव्हे. त्यांना न वाढणे हाही एक मार्ग आहे, आणि शरीर पुष्कळदा तोच पत्करते, हे त्यांनी दाखवून दिले.

अमावास्येच्या रात्री आपण अंगणात पणत्या लावू. आजी असती तर म्हणाली असती, ‘वात फार पुढे काढू नका, काजळी धरते.’ त्या पणत्यांचा प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेल तो कॉर्नियाच्या स्वच्छ काचेतून, जेथे रक्ताने येऊ नये म्हणून काही मुकी प्रथिने रात्रंदिवस पहारा देत आहेत. डोळ्यातल्या त्या जागेला प्राणवायू हवेतून मिळतो, पोषण अश्रूंतून आणि डोळ्यातल्या पाण्यातून. रक्तावाचून तिचे अडत नाही. दारातला प्रकाश दिसावा म्हणून शरीराने तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. आपल्यालाही आपल्या घरात, आपल्या पानात तेवढी जागा मोकळी ठेवता आली तर शेवटच्या पंगतीला पोळी उरेल. आणि त्या पंगतीला बसणाऱ्या बाईला ‘मला भूक नाही’ असे खोटे बोलावे लागणार नाही. तिला आग्रहाने वाढावे. ती ‘पुरे’ म्हणेल, तेव्हा निदान दोनदा तरी ते ऐकू नये.